संतोष, नोकरी सोडण्याआधी हे वाच

ऐरोली, नवी मुंबई
१८ जानेवारी

प्रिय संतोष,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मी शिफ्टला निघालो होतो, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. ठाण्याच्या त्या सायबर सुरक्षेच्या क्लासचं माहितीपत्रक पाठवलंस, ते मी नीट वाचलं. सहा महिने, दीड लाख फी, 'शंभर टक्के प्लेसमेंट', आणि वर काळी हुडी घातलेला माणूस. त्यासाठी तू बँकेतली नोकरी सोडून इकडं राहायला येणार म्हणतोस. अरे, या क्षेत्रात जरूर ये. पण नोकरी सोडू नकोस आणि त्या क्लासला पैसे तर मुळीच भरू नकोस. का, ते सविस्तर सांगतो.

त्या पत्रकात टूल्सची भली मोठी यादी आहे. त्यातली बहुतेक फुकट मिळतात. काली लिनक्स, वायरशार्क, एनमॅप, कशालाच पैसे पडत नाहीत. टूल चालवायलाही फार दिवस लागत नाहीत. पण त्यातून जे समोर येतं ते वाचता यायला टीसीपी-आयपी, म्हणजे संगणक एकमेकांशी कसे बोलतात ते कळावं लागतं, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता कसा सापडतो ते कळावं लागतं, विंडोज आणि लिनक्स आतून कसे चालतात ते ठाऊक असावं लागतं. आणि नेमका तोच भाग त्या पत्रकात पहिल्या आठवड्यात उरकलेला आहे. उरलेले साडेपाच महिने 'हॅकिंग'. माझ्या मते हे प्रमाण बरोबर उलटं हवं.

मी काय करतो ते तुला आजवर कधी धड सांगितलं नाही. आमच्या विभागाला सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर म्हणतात, बोलताना आम्ही नुसतं 'सॉक' म्हणतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरचे, फायरवॉलचे, संगणकांचे लॉग, म्हणजे घडलेल्या गोष्टींच्या नोंदी, आमच्याकडे येतात, त्यातून अलर्ट उठतात, आणि एल-वनला, म्हणजे पहिल्या पायरीवर, बसलेल्या माणसानं ठरवायचं असतं की हा सोडून द्यायचा की वर पाठवायचा. बहुतांश अलर्ट निरुपद्रवी निघतात. दमवणारी गोष्ट तीच आहे, आणि कौशल्यही तिथंच लागतं.

मागच्या महिन्यातली एक संध्याकाळ सांगतो. कंपनीचं नाव सांगता येत नाही, सांगणारही नाही. साडेसातच्या सुमारास अलर्ट आला: अकाउंट्समधल्या एका संगणकावर पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा द्यायचं साधन, चालू झालंय, आणि त्याच्यापुढं दोन ओळी भरतील इतकी अगम्य अक्षरं. पहिली तीन जे, ए, बी. पॉवरशेलला आज्ञा बेस-६४ नावाच्या सांकेतिक लिपीत गुंडाळून देता येते, आणि आतली आज्ञा डॉलरच्या चिन्हानं, म्हणजे एखाद्या व्हेरिएबलनं सुरू होत असली की गुंडाळलेली ओळ साधारण याच तीन अक्षरांनी सुरू होते. त्यामुळं ती दिसली की आम्ही कान टवकारतो. पण त्याच कंपनीकडून त्याच दिवशी दुपारी, तीच तीन अक्षरं असलेला अलर्ट येऊन गेला होता, आणि तो आम्ही बंद केला होता. तेही बरोबरच होतं. त्यांच्या आयटीवाल्यांची एक स्क्रिप्ट रोज त्या वेळेला प्रत्येक मशीनवर कुठलं सॉफ्टवेअर बसवलंय याची यादी घेते. ती शेड्यूल्ड टास्कमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, सुटते. संध्याकाळचं पॉवरशेल मात्र वर्डमधून सुटलं होतं. आमच्या शिफ्ट लीड मॅडम प्रत्येक अलर्टला आधी एकच विचारतात, "पॅरेंट कोण?", म्हणजे हे चालू कुणी केलं? पत्र टाईप करायच्या वर्डला पॉवरशेल चालू करायचं कारणच काय? अक्षरं उलगडली तर आत आज्ञा होती: बाहेरच्या एका पत्त्यावरून फाइल उतरवायची आणि चालवायची. थकीत बिल म्हणून मेलमधून वर्डची फाइल आली होती, मशीनवर जुनं ऑफिस होतं, आणि वरच्या पिवळ्या पट्टीवरचं 'एनेबल कंटेंट' दाबलं गेलं होतं. मशीन नेटवर्कपासून तोडलं, त्यांच्या ड्युटीवरच्या माणसाला फोन लावला, टिकीट एल-टूला दिलं. पुढं कुठं पसरलं नाही.

दोन्ही अलर्ट दिसायला सारखेच. फरक कळला तो त्या कंपनीत रोज काय चालतं हे आम्हाला माहीत होतं म्हणून. तुमच्या कॅशियरच्या हाताला खोटी नोट लागते ना, ती दिवसभर खऱ्या नोटा मोजल्यामुळं? आमचं तसंच आहे. आणि म्हणूनच तू बँकेतली इतकी वर्षं 'वाया गेली' म्हणालास ते मला अजिबात पटलं नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण घे. ऑगस्ट २०१८. एकूण ९४ कोटी गेले. ११ तारखेला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांनी रोकड निघाली, आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एटीएमचा प्रश्न बँकेपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात. चोरट्यांनी मालवेअर घुसवून तसाच स्वतःचा खोटा, म्हणजे प्रॉक्सी, स्विच उभा केला होता. खात्यात पैसे आहेत का, हा एटीएमचा प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत (सीबीएस, बँकेची मुख्य खात्यांची यंत्रणा) पोचतच नव्हता, मधल्यामध्ये मंजुरी जात होती. आता जुनं कॅलेंडर बघ. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता. तो दिवस का निवडला असेल, हे तुला कुणी समजावून सांगायला नको. स्विचचे आकडे आणि सीबीएसचे आकडे कोण जुळवतं, कधी जुळवतं, सुट्टीत ते काम कुणाकडं असतं, मेकरनं टाकलेली नोंद तपासणारा चेकर ती खरंच बघतो की नुसतं पास करतो, हे तुला डोळे मिटून सांगता येईल. माझ्या शेजारी बसणारी हुशार इंजिनिअर मुलं हे शिकायला वर्ष घालवतील. तुला शिकायचं आहे ते लॉग वाचणं.

तू विचारलंस, आमच्यासारख्या तालुक्याच्या सहकारी बँकेवर कोण हल्ला करणार? संतोष, नेम तुमच्यावर असावाच लागत नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या पसरला. तो सोडला होता युक्रेनवर, तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पण मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा त्यात आडवी झाली, आणि त्यांच्या समूहाकडं असलेलं इथलं, न्हावाशेवाच्या जेएनपीटीतलं टर्मिनलही ठप्प झालं. कुठं युक्रेन आणि कुठं उरण! मर्स्कला नंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले. सगळ्या यूजरची ओळख सांभाळणारे डोमेन कंट्रोलर एकजात पुसले गेले, फक्त घानामधल्या कार्यालयातला एक वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. मी हे वाचलं तेव्हापासून बॅकअपचा विषय निघाला की एकच विचारतो: रिस्टोअर करून शेवटचं कधी पाहिलं? तुमच्या शाखेत विचारून बघ.

आता अभ्यासाचं. तुझ्याकडचा जुना लॅपटॉप चालेल, रॅम फक्त आठ जीबी करून घे, जमली तर सोळा. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाक, त्यानं एकाच लॅपटॉपच्या आत वेगळे संगणक चालवता येतात: एक लिनक्स, एक विंडोज. लिनक्ससाठी 'बँडिट' नावाचा फुकट खेळ आहे, ओव्हरदवायरवाल्यांचा. एकेक पातळी सोडवत कमांड हाताखाली येतात. उत्तरं शोधून बघू नकोस, अडलास तर अडून रहा, दोन दिवस गेले तरी चालतील. मग वायरशार्क लावून स्वतःच्याच मशीनची रहदारी बघत बस: एखादी साइट उघडताना आधी डीएनएसचा प्रश्न कसा जातो, मग जोडणी करताना दोन्ही बाजूंची विचारपूस, म्हणजे सिन, सिन-ॲक, ॲक, कशी होते. त्यानंतर विंडोजचे लॉग, त्यात प्रत्येक प्रकारच्या घटनेला क्रमांक असतो. ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं, ४७२० म्हणजे नवीन यूजर तयार झाला. एवढ्यावर खूप काही दिसतं. एकाच यूजरवर बऱ्याच चुका झाल्या की खातं लॉक होतं, म्हणून चोर एकच सोपा पासवर्ड शंभर यूजरवर एकेकदा लावून पाहतो. लॉगमध्ये ते कसं दिसेल, हे आधी कागदावर लिही आणि मग लॅबमध्ये करून ताडून बघ. मी महापेला डेस्कटॉप सपोर्टला असताना रात्री खोलीवर येऊन हेच करायचो.

प्रमाणपत्रांपैकी आधी सिक्युरिटी प्लस. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि पाया सगळा त्यात येतो. ओएससीपीची परीक्षा जवळपास चोवीस तासांची प्रत्यक्ष हल्ल्याची असते, तिचं आत्ता नाव काढू नकोस. तुझ्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतं ते सीसा, म्हणजे माहिती प्रणालीचं ऑडिट. परीक्षा आधी देता येते, प्रमाणपत्र अनुभव भरल्यावर मिळतं, आणि बँकेतल्या माणसाला तिथं मान आहे. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची श्रेणीवार चौकट काढली. तुमच्या मुख्य कार्यालयात तिची फाइल असणारच. ती मागून घे, वाच, आणि त्या कामात मदत करतो म्हणून साहेबांना सांग. अनुभव तिथंच सुरू होईल, पगार चालू ठेवून. घर भाड्याचं, काकांची औषधं, मुलीची शाळा, हे सगळं असताना सहा महिने बिनपगारी काढायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र शपथेवर पाळ. बँकेच्या नेटवर्कवर एनमॅपच काय (नेटवर्कवर कुठली यंत्रं उघडी आहेत ते शोधणारं टूल), काहीही चालवायचं नाही. 'नुसतं बघत होतो' हे कुणी ऐकत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणं आयटी कायद्याच्या कलम ४३ खाली येतं, आणि त्यात अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू धरला गेला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चांगली मुलं उत्साहाच्या भरात यात अडकतात. जे करायचं ते स्वतःच्या लॅबमध्ये, नाहीतर लेखी परवानगी हातात घेऊन.

कामाचं स्वरूपही लपवत नाही. शिफ्ट फिरती असते. पहाटे शिफ्ट संपवून ठाणे-बेलापूर रस्त्यानं घरी येताना डोळे चुरचुरतात. सुरुवातीचा पगार तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी भरेल. तरीही मला हे काम मनापासून आवडतं. त्या संध्याकाळी वेळेत मशीन तोडलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्या कंपनीत सगळ्यांचे पगार नेहमीसारखे जमा झाले, याचं समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नाही.

जोडून सुट्टी मिळेल तेव्हा इकडं ये, लॅपटॉप घेऊन. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी पकड, मी ऐरोली स्टेशनवर येतो. दोन दिवस बसून तुझी लॅब उभी करू. तोवर बँडिटच्या पहिल्या दहा पातळ्या करून ठेव. आणि क्लासवाल्यांचा फोन आला, 'आज भरले तर सवलत' म्हणाले, तर आधी मला फोन कर.

काका-काकूंना नमस्कार, छोटीला पापा. वहिनींना सांग, मी तुला नोकरी सोडू देत नाही.

तुझा,
मंदार

ता. क. काकूंच्या फोनमध्ये १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबर, सेव्ह करून दे. खात्यातून पैसे गेले तर पहिल्या काही मिनिटांत तिथं फोन केला की रक्कम पुढं सरकण्याआधी अडवता येते. आणि व्हिडिओ कॉलवर कुठलाही पोलीस कुणाला अटक करत नाही, हे त्यांना तू स्वतः समोर बसून सांग.