खानावळ दोघांची, परवाना एकाचा

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: नवरा-बायको मिळून चालवत असलेल्या खानावळींची नोंद दोघांच्या नावे होण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मालवणात लोकांचे फॉर्म भरून देतो. शॉप अ‍ॅक्ट, अन्न परवाना, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), बँकेची कर्जप्रकरणं. गिऱ्हाइकांत होड्यावाले आहेत, होमस्टेवाले आहेत, पण सगळ्यांत जास्त खानावळवाले. पर्यटक ज्या ताटाचे फोटो काढतात, त्या ताटामागची फाईल माझ्या कपाटात असते. म्हणून हे पत्र.

एक खानावळ सांगतो. नाव घेत नाही, कारण त्या दोघांनी मला वकीलपत्र दिलेलं नाही. घराच्याच पडवीत मोजकी टेबलं, मागे चूल आणि गॅस. मे महिन्यात आणि नाताळच्या सुट्टीत दुपारी बाहेर नंबर लागतात. पेपरांच्या पुरवण्यांत नाव छापून आलंय, यूट्यूबवाले येऊन गेलेत. सगळ्या फोटोंत काका आहेत, हातात सुरमईचं ताट घेऊन. काकू एका व्हिडिओत दिसतात, त्याही पाठमोऱ्या.

आता त्या पाठीमागे काय चालतं ते सांगतो. मासळी काका आणतात, पण ठेवायची की नाही ते काकू ठरवतात. बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उघडून बघायचा. फिका दिसला तर पिशवी आल्या पावली परत, आणि त्या दिवशी फळ्यावरून बांगडा पुसला जातो. तिखल्यासाठी, म्हणजे माशांच्या तिखट रश्श्यासाठी, वाळलेल्या तिरफळांतली काळी बी एकेक वेचून टाकायची, नुसती टरफलं चेचायची आणि रस्सा उकळताना वरून सोडायची. ती वाटपात घालायची नाहीत. हाताखालच्या बाईने एकदा वाटपात घातली, तर काकूंनी अख्खं पातेलं बाजूला ठेवलं होतं आणि दुपारच्या गर्दीत नव्याने वाटायला घेतलं होतं. सोलकढीसाठी लागणारं कोकमाचं आगळ त्या स्वतः मे महिन्यात करून ठेवतात, वर्षाचं. काकांचं काम कमी आहे असं नाही. गल्ला, उधारी, गॅसचा सिलिंडर, रुसलेलं गिऱ्हाईक, सगळं त्यांच्याच अंगावर. दोघांतला एक जरी बाजूला झाला तरी चार दिवसांत कुलूप लागेल, हे गावात कुणीही सांगेल.

आणि फाईल काय सांगते? अन्न परवाना काकांच्या नावे. जीएसटी काकांच्या पॅनवर. उद्यम काकांच्या आधारवर. चालू खातं काकांचं. शॉप अ‍ॅक्टच्या कामगारांच्या रकान्यात वाढणारा पोरगा आणि भांडीवाली बाई. काकू मालक नाहीत आणि कामगारही नाहीत. मी एकदा त्यांना म्हटलं, तुमचं नाव कुठे तरी घालूया. हसल्या. म्हणाल्या, "सही त्येंची, हात माझे. चलतला तसा चलांदे."

चालतंय तोवर ठीकच असतं. पण आपल्याच खात्याने १९ जून २०२३ रोजी 'आई' हे महिला केंद्रित पर्यटन धोरण आणलं. चांगलं धोरण आहे, हे मी खुशामत म्हणून लिहीत नाही. त्याचे अर्ज मी भरले आहेत. पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बाईने १५ लाखांपर्यंत कर्ज काढलं तर त्यावरचं १२ टक्क्यांच्या मर्यादेतलं व्याज शासन परत देतं, सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख होईपर्यंत. मुख्य अट ही की व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा. म्हणजे ज्या धोरणाच्या जाहिरातीवर काकूंचाच फोटो शोभला असता, त्यात काकू बसत नाहीत. स्वयंपाकघर वाढवायला आणि डीप फ्रीझर घ्यायला त्या घराने कर्ज काढलं ते बँकेच्या नेहमीच्या व्याजदराने, काकांच्या नावावर, आणि काकू त्यात जामीनदार. जामीनदार म्हणून मात्र बँकेला त्यांची सही चालली.

आपले अधिकारी म्हणतील, मग व्यवसाय बायकोच्या नावे करून घ्या. मलाही आधी तेच सुचलं होतं. पण एकल मालकीचा धंदा माणसाच्या पॅनला बांधलेला असतो. मालक बदलला की जीएसटी नंबर नवा, अन्न परवाना नवा, उद्यम नवं, खातं नवं. इतक्या वर्षांची विवरणपत्रं आणि फेडलेल्या हप्त्यांची पत मागे राहते, आणि नव्या मालकिणीला बँक विचारते, तुमचा अनुभव किती? शिवाय हे मला मनापासून पटतही नाही. काल फक्त त्याचं नाव होतं, आज योजनेपुरतं फक्त तिचं. कागद काल खोटा होता, आजही खोटाच राहील. आमच्या भागात अशा कागदोपत्री मालकिणी झाल्या आहेत. धंदा नवऱ्याचा, फॉर्म बायकोचा, आणि तिला चेकबुक कुठे ठेवलंय तेही ठाऊक नाही. खरी कष्ट करणारी बाहेर आणि नावाची बाई आत, अशी ही गंमत.

भागीदारी करता येते. १९३२ चा कायदा नवरा-बायकोला भागीदार व्हायला मना करत नाही. पण भागीदारी पत्र, मुद्रांक, वेगळं पॅन, वेगळं विवरणपत्र, आणि वर सांगितलेले सगळे परवाने तरीही नव्याने. पडवीतल्या खानावळीला हा खटाटोप करायला सांगणं म्हणजे माझा धंदा वाढवणं आहे, त्यांचा नाही.

(जाता जाता एक. नवऱ्याने बायकोला रीतसर पगार दाखवला, तर तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असल्याशिवाय आयकर खातं तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतं. तिरफळाची बी वेचण्याचं प्रमाणपत्र कुठलं विद्यापीठ देतं? असो. हा विषय दिल्लीचा आहे, आपला नाही.)

खरी धास्ती वेगळी आहे. परवानाधारक वारला तर अन्न परवाना वारसांसाठी ९० दिवस चालतो, पुढे अधिकाऱ्याच्या मर्जीने मुदत वाढते. तेवढ्यात तो वारसाच्या नावे करून घ्यायचा आणि बाकी सगळं नव्याने उभं करायचं. कोविडच्या काळात अशाच एका घरात मी गेलो होतो. नवरा गेलेला, चालू खातं बंद, वारस दाखला निघायचा होता, आणि जिने त्या खानावळीचा प्रत्येक मासा शिजवला होता ती माझ्यासमोर बसून विचारत होती की चूल पेटवली तर दंड होईल का. तिच्याकडे स्वतःच्या धंद्यात उभं राहायचा एकही कागद नव्हता. पुढे ती खानावळ उघडली नाही.

आपल्या राज्याला हे नवीन नाही. १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजनेतून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची वाट शासनाने मोकळी केली. २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आलं. शेत झालं, घर झालं, मूल झालं. पडवीतला धंदा तेवढा राहिला.

बहुतेक परवाने केंद्राच्या कायद्यांखाली येतात, ते आपल्या हातात नाहीत, हे मला माहीत आहे. पण पर्यटन संचालनालयाची नोंदणी आपल्या हातात आहे आणि 'आई'ची पात्रताही. नोंदणीच्या अर्जात सहमालकाचा रकाना घाला. दोघांनी मिळून दिलेलं प्रतिज्ञापत्र आणि जागेवर येऊन केलेली पाहणी, एवढ्यावर ती नोंद व्हावी. स्वयंपाकघरात अर्धा तास उभं राहिलं की सहमालक कोण ते तपासनिसाला कळेल, त्याला पुरावा मागावा लागणार नाही. आणि अशी सहमालक म्हणून नोंदलेली बाई 'आई' धोरणात पात्र धरा, व्याजाची पूर्ण रक्कम नाही तर निदान निम्मी. व्याज परतावा तिच्या स्वतःच्या खात्यात जावा, ही अट मात्र सोडू नका. नाही तर पुन्हा कागदोपत्री सहमालकिणींचं पीक येईल, आणि त्यांचे फॉर्म भरायला माझ्यासारखेच बसलेले असतील.

हप्त्यांचंही बघावं. व्याज परताव्यासाठी हप्ते वेळेवर लागतात. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या बंद, पर्यटक तुरळक. त्या दोन महिन्यांचा हप्ता मे महिन्याच्या कमाईतून आगाऊ घ्यायची सोय बँकांशी बोलून झाली तर चुकलेल्या हप्त्यापायी परतावा जाणार नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक अधिकारी, पाहुणा आणि मंत्री अशाच कुठल्या तरी पडवीत जेवला आहे. आपणही जेवला असाल. पावसाळ्यानंतर हंगाम सुरू होतो आणि माझ्याकडे अर्जांची गर्दी होते, तेव्हा सहमालकाच्या रकान्याबाबत त्याआधी परिपत्रक निघावं, ही विनंती. मसुदा करताना प्रत्यक्ष अर्ज कुठे अडतात ते बघायचं असेल तर नावं झाकून माझ्या फाइली दाखवायला मी तयार आहे.

कळावे,
आपला,
फॉर्म भरून देणारा एक, मालवण