घडवणाऱ्याचे नाव कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इटालियन कलाकार मॉरित्झिओ कॅटेलानवरचा लेख वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून जाईना, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे हे मान्य. १९६० साली पादुआत ट्रकचालक बाप आणि घरकाम-सफाई करणारी आई यांच्या घरी जन्मलेला, कलाशाळेची पायरीही न चढलेला मुलगा न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयापर्यंत कसा पोहोचला, ते वाचायला आवडले. त्याच्या सोन्याच्या कमोडला आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावलेल्या केळ्याला तर भरपूर जागा मिळाली. २०२४च्या लिलावात ते केळे ६२ लाख डॉलरना गेले, आणि ते रस्त्यावरच्या फळवाल्याकडून ३५ सेंटला आणलेले होते, इथपर्यंतचा तपशील तुम्ही दिलात. मग शिल्पकार दानिएल द्रुए यांचे नाव एवढ्या लेखात एकदाही का येऊ नये?

लेखासोबतचा मोठा फोटो 'ला नोना ओरा' या शिल्पाचा आहे. अंगावर उल्का कोसळून आडवे झालेले पोप जॉन पॉल दुसरे, डोळे मिटलेले, क्रूसाचा दंड मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. खाली तुमची ओळ : 'कॅटेलानने घडवलेला पोप, १९९९'. संपादक महाराज, कॅटेलानने तो घडवलेला नाही. पॅरिसच्या ग्रेव्हँ मेणसंग्रहालयासाठी वर्षानुवर्षे पुतळे करणाऱ्या द्रुए यांनी तो घडवला. गुडघे टेकलेला 'हिम' (इंग्रजी Him, म्हणजे 'त्याला'; २००१) त्यांच्याच हातचा. पाठीमागून पाहिले तर शाळकरी पोर प्रार्थना करते आहे असे वाटते, आणि पुढे जावे तर चेहरा हिटलरचा. त्या चेहऱ्यावर सगळे अवलंबून आहे. तो जरा जरी फसला असता तर पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आला नसता. याच 'हिम'ची एक प्रत २०१६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे १ कोटी ७२ लाख डॉलरना विकली गेली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये, तिथल्या जुन्या टांकसाळीत, कॅटेलानचे मोठे प्रदर्शन झाले आणि द्रुए यांचे नाव तिथे नव्हते. पुढे द्रुए कोर्टात गेले. कॅटेलानच्या गॅलरीवर आणि टांकसाळीवर दावा लावला, खुद्द कॅटेलानला थेट प्रतिवादी केले नाही, आणि २०२२च्या जुलैमध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तो दावा फेटाळला. मांडणीच्या नेमक्या सूचना कॅटेलानच्याच होत्या, असेही न्यायालयाने म्हटले.

निकाल लागला, पण म्हणून प्रश्न मिटला असे मला वाटत नाही. कल्पना कॅटेलानचीच होती, याबद्दल माझा वाद नाही. पोप आधी उभे राहणार होते. त्यांना खाली पाडायचे हे त्याला सुचले आणि त्या एका निर्णयाने ते काम जगभर गाजले. एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण सुचणे वेगळे आणि बोटांतून उतरणे वेगळे, आणि दुसऱ्या गोष्टीलाही नाव असते. सिनेमाच्या शेवटी दिवे धरणाऱ्या पोरांचीसुद्धा नावे येतात, मग शिल्पालाच हा संकोच का?

मला हे इतके का लागले, ते सांगतो. मी शिल्पकलेची पदविका घेऊन एका नामवंत शिल्पकारांच्या स्टुडिओत उमेदीची सगळी वर्षे मातीकाम केले. एका तालुक्याच्या गावी तिथल्या दिवंगत पुढाऱ्याचा पूर्णाकृती पुतळा बसवायचा होता. सळ्यांचा सांगाडा बांधण्यापासून माती चढवण्यापर्यंत काम माझ्याकडे होते. सर बैठकीत असत, लांबून बघत, दोन शब्द सांगून जात. माती ओली ठेवायला गोणपाट भिजवून गुंडाळायचे, सकाळी ते अलगद सोडवायचे, रात्रीत कुठे भेग गेली आहे का बघायचे. कला संचालनालयाची मंडळी मातीचा नमुना बघून गेली, मान्यता मिळाली. मग त्या पुढाऱ्यांच्या पत्नी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण कान ह्यांचा न्हाई. ह्यांच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती." सर्वांनी माना डोलावल्या आणि चहा घेऊन गेले. मी त्यांच्याकडून लग्नातला जुना फोटो मागवून घेतला, भिंग लावून बघितला आणि दोन्ही कान काढून नव्याने केले. साचा घ्यायच्या आदल्या दिवशी त्या परत आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसता कानाला हात लावला.

अनावरणाला मी स्वखर्चाने गेलो. कोनशिलेवर मंत्री, आमदार, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, शिल्पकार म्हणून सरांचे नाव आणि चौथऱ्याच्या ठेकेदाराचेही नाव होते. माझे नव्हते. सरांना विचारले तर म्हणाले, "पगार वेळेवर मिळाला ना?" मिळाला होता. पण मी पगाराचे विचारले नव्हते.

इटलीला हे दुखणे नवे नाही. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत सतराव्या शतकातला शिल्पकार बर्निनी याचे 'अपोलो आणि डाफ्नी' हे शिल्प आहे. झाड होत चाललेल्या डाफ्नीच्या बोटांतून फुटणारी ती कागदासारखी पातळ संगमरवरी पाने पाहून आजही लोक थक्क होतात. ते नाजूक काम जुलियानो फिनेल्ली या मदतनिसाच्या छिन्नीचे आहे, असे अभ्यासक सांगतात. फिनेल्ली पुढे बर्निनीला सोडून गेला. कॅटेलानच्याच कामात बघा. पांढऱ्या चादरी पांघरलेल्या नऊ प्रेतांचे 'ऑल' असो, की मिलानच्या शेअर बाजारासमोर २०१० पासून उभे असलेले मधल्या बोटाचे शिल्प, दगड इटलीतल्या काराराच्या खाणींतला संगमरवर आहे. त्या चादरींच्या चुण्या कोणा कसबी माणसाने कोरल्या असतीलच ना? तुमच्या लेखात 'कॅटेलानने संगमरवर बोलका केला' असे वाक्य आहे. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी त्याच पानावर द्रुए यांच्या नावासह दुरुस्ती छापावी. यापुढे कोणत्याही शिल्पावर लिहिताना मातीकाम कोणी केले, ओतकाम कुठे झाले, हे विचारून छापण्याची सवय आपल्या वार्ताहरांना लावावी. विचारले तर सांगणारे भेटतात.

आणखी एक. लेखासोबत पाच फोटो आहेत, त्यांतल्या एकाखालीही छायाचित्रकाराचे नाव नाही. गेल्या दिवाळीपासून पुरवणीत हे सर्रास चालू आहे. ती नावेही छापा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मातीकाम करणारा, कोल्हापूर