माळ्यावरचा लॅपटॉप द्या, पण आधी रिकामा करून

नमस्कार सोलापूरकर,

आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत सध्या चार लॅपटॉप आहेत. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या, तरी संध्याकाळी रांग जिन्यापर्यंत येते. बहुतेक मुलं पूर्व भागातली, काही थेट कुंभारीच्या विडी घरकुलातून येणारी. घरात मोबाइल एकच, आणि बाबा लूमवर पाळीला निघाले की तोही गेला. कॉलेजचा प्रोजेक्ट असो की शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळी भिस्त या चार यंत्रांवर.

तिकडे कितीतरी घरांत जुना लॅपटॉप माळ्यावर पडून आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट यंत्रंही बाद ठरली. आमच्याकडे ती बाद नाहीत. ४ जीबी रॅमवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली) व्यवस्थित चालतं आणि मराठी टायपिंगही होतं.

"देतो, देतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. लॅपटॉप काही येत नाही. खोदून विचारलं की कळतं, "त्यात आमचं सगळं आहे हो." भीती खरी आहे. मागे एका चादरीच्या व्यापाऱ्यांनी मोठ्या मनाने लॅपटॉप दिला. चालू केला तर पासवर्डच नाही! टॅलीत दुकानाचा हिशेब, डाउनलोडमध्ये घरातल्या सगळ्यांचे आधार-पॅन, ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड. झाकण लावलं आणि त्यांना बोलावून घेतलं.

फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली, असं नसतं. वाचनालयाच्या सूचीतून कार्ड फाडलं तरी पुस्तक कपाटात राहतंच, तसंच हे. म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घ्या, आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतात का ते बघा. ही पायरी लोक गाळतात आणि मग लग्नाचे फोटो शोधत बसतात. टॅली असेल तर लायसन्स सरेंडर करा. ईमेलमधून साइन आउट व्हा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरीखाली 'रीसेट धिस पीसी' निवडा, त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि पुढे 'क्लीन डेटा'चा पर्याय चालू करा. याला काही तास लागतात. चार्जर लावूनच ठेवा, मध्ये लाइट गेली तर पंचाईत. मॅकबुक असेल तर 'फाइंड माय' बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडा, नाहीतर यंत्र कुलूपबंद राहतं आणि आम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

एवढं करूनही मन मानत नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा. खरंच. डिस्कविना आलेला लॅपटॉपही आम्ही आनंदाने घेऊ. नवी एसएसडी (म्हणजे फाइली साठवायची डिस्क) आम्ही बसवू, आणि त्यासाठीच ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्याकडून वर्गणीची अपेक्षा आहे. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल.

चार्जर मात्र विसरू नका. निम्मे लोक विसरतात. बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड असेल तर काढून द्या. ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसच्या लेखी परवानगीशिवाय आणू नका. बॅटरी फुगलेली असेल तर (आपल्या उन्हाळ्यात ते नवल नाही) चार्जिंगला लावू नका, दाबू नका, आमच्याकडेही आणू नका. आधी दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या.

गड्ड्याची यात्रा सुरू होईपर्यंत दर रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत वाचनालयात या. रीसेट करणं जमत नसेल तर तसाच घेऊन या. आमची मुलं शेजारी बसून सांगतील, बटणं तुम्हीच दाबा. सिरियल नंबर लिहून, दोघांच्या सह्या होऊनच यंत्र ताब्यात घेतलं जाईल. चहा आमच्याकडून.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते