रंगाआधी मीठ धुवा

महोदय,

समुद्रकाठचे लोखंड गंजले की खापर रंगावर फुटते आणि पुढच्या वेळी आणखी महागडा रंग आणला जातो. पण बहुतेक वेळा गुन्हेगार असते ते रंगाखाली राहून गेलेले मीठ.

गंज धरायला पाऊस पडावा लागतो, असे मुळीच नाही. आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की खाऱ्या वाऱ्याने आणलेले साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते. त्याच वाऱ्यातून येणाऱ्या मॅग्नेशियम क्लोराइड या दुसऱ्या क्षाराला तर 33 टक्के पुरतात. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते, त्यामुळे वरून सुके दिसणारे पोलादही खारट ओलीखाली असते. शिवाय मिठातले क्लोराइड गंजण्याच्या क्रियेत खर्ची पडत नाही. गंज तयार झाला की मोकळे होऊन पुन्हा धातूला भिडते. हवेचे गंजकारकतेनुसार गट पाडणाऱ्या आयएसओ 9223 या आंतरराष्ट्रीय मानकात सी-5 म्हणजे अतितीव्र गटातल्या हवेत उघड्या कार्बन स्टीलची (साध्या पोलादाची) पहिल्या वर्षाची झीज 80 ते 200 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली आहे, सीएक्स या सर्वांत तीव्र गटात 200 ते 700.

पाहणी मात्र नेमकी चुकीच्या जागी होते. पावसात भिजणारी बाजू तुलनेने बरी राहते, कारण तिच्यावरचे मीठ धुऊन जाते. खरी झीज आडोशाला असते. तुळईच्या खालच्या बाजूवर हातोडी हलकेच मारून पाहा: पापुद्रा सुटून येतो, आतून काळपट आणि ओलसर. पाठीला पाठ लावून बसवलेल्या दोन अँगलमधल्या फटीत ब्रश शिरतच नाही. तिथला गंज मूळ धातूच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि दोन बोल्टांमधला अँगल चक्क वाकवतो.

वायरब्रश फिरवून लगेच प्रायमर मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे. खड्ड्यांच्या तळाशी मीठ तसेच राहते, रंगातून झिरपणारी वाफ ओढून घेते आणि फोड येतात. नुसत्या ब्लास्टिंगनेही, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करूनही, ते पुरते निघत नाही. आधी तेलकटपणा काढावा, पापुद्रे खरवडावेत, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावे, वाळल्यावर एसए अडीच दर्जाचे (धातू जवळजवळ पूर्ण स्वच्छ करणारे) ब्लास्टिंग करावे आणि मग ब्रेसल पद्धतीने, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या छोट्या पट्टीत पाणी सोडून त्यात उतरलेले मीठ तपासून, मीठ मोजावे. जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी (तोल राखायला समुद्राचे पाणी भरतात त्या) चौरस मीटरला 50 मिलिग्रॅम मीठ ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. आकडा जास्त आला तर पुन्हा धुणे, पुन्हा ब्लास्टिंग. प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे, आणि तोही पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमते त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअस जास्त असतानाच. कडा, वेल्डिंग आणि बोल्टांवर ब्रशने एक जादा हात द्यावा. कडेवर रंग आपसूक पातळ होतो आणि गंज तिथूनच शिरतो.

रंगकामाच्या निविदांमध्ये थरांची जाडी मायक्रॉनमध्ये लिहिलेली असते, मीठमापनाचा मात्र अनेकदा उल्लेखही नसतो. ती अट घालावी, आणि मोजणी ठेकेदाराने नव्हे तर काम करून घेणाऱ्याच्या माणसाने, प्रायमर लागण्यापूर्वी करावी.

– गंजरोधक रंगकामातील एक तंत्रज्ञ