फीनींना वगळून मेलोनींची वाटचाल कशी सांगणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांच्यावरचा लेख आवडीने वाचला. मात्र जेमतेम दोन टक्के मतांवरून दहा वर्षांत सत्तेपर्यंतचा त्यांचा प्रवास सांगताना लेखकाने इटलीच्या उजव्या राजकारणातील त्यांचे पूर्वसुरी जानफ्रांको फीनी यांचा नावापुरताही उल्लेख केलेला नाही, हे खटकले. मेलोनींनी डिसेंबर २०१२ मध्ये सहकाऱ्यांसह काढलेला पक्ष काही शून्यातून उभा राहिलेला नव्हता. ज्या राजकीय घराण्यात तो जन्मला, त्याला वाळीत टाकलेल्या अवस्थेतून बाहेर काढून सरकारात नेऊन बसवण्याचे काम फीनी यांनी त्याच्या कितीतरी आधी केले होते.

फीनींचा जन्म १९५२ चा, बोलोन्याचा. हे शहर म्हणजे कम्युनिस्टांचा बालेकिल्ला. किशोरवयात व्हिएतनाम युद्धावरचा जॉन वेनचा चित्रपट पाहायला गेलो असता डाव्या निदर्शकांनी थिएटरात शिरू दिले नाही आणि तिथूनच आपण उजवीकडे वळलो, अशी हकिकत ते स्वतःच सांगत आले आहेत. मुसोलिनीच्या पाडावानंतर त्याच्या अनुयायांनी १९४६ मध्ये स्थापलेल्या 'एमएसआय' (इटालियन सोशल मूव्हमेंट) या पक्षाची धुरा तेव्हा जॉर्जो आल्मिरांते यांच्याकडे होती. १९७७ मध्ये युवक आघाडीचा प्रमुख निवडताना त्यांनी मतदानात पहिला आलेला तरुण बाजूला ठेवून फीनींना पुढे केले आणि दहा वर्षांनी पक्षच त्यांच्या हाती दिला.

खरी कलाटणी १९९३ ची. लाचखोरीच्या चौकशांनी जुने सत्ताधारी पक्ष खिळखिळे झाले होते आणि रोमच्या महापौरपदासाठी फीनी अंतिम फेरीत पोहोचले होते. बोलोन्याजवळ एका सुपरमार्केटच्या उद्घाटनाला आलेल्या, तेव्हा उद्योगपती असलेल्या सिल्विओ बर्लुस्कोनींना पत्रकारांनी विचारले, तेव्हा मी रोमचा मतदार असतो तर फीनींना मत दिले असते, असे ते सांगून गेले. फीनी ती निवडणूक हरले. पण या लोकांना शिवायचे नाही हा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा दंडक त्या एका वाक्याने मोडला आणि १९९४ मध्ये त्यांचे सहकारी बर्लुस्कोनींच्या मंत्रिमंडळात बसले. त्याच वर्षी मुसोलिनी हा शतकातला सर्वांत थोर मुत्सद्दी असल्याचे फीनी मुलाखतीत म्हणाले होते, हेही विसरू नये. जानेवारी १९९५ मध्ये फ्युज्जीच्या अधिवेशनात त्यांनी जुना पक्ष गुंडाळून 'आलेआन्झा नॅझिओनाले' (राष्ट्रीय आघाडी) या पक्षाची रीतसर उभारणी केली, तेव्हा ही केवळ रंगरंगोटी आहे असे अनेकांना वाटले आणि ते वाटणे गैर नव्हते.

ती रंगरंगोटीच होती, हे मला मात्र पटत नाही. उपपंतप्रधान असताना नोव्हेंबर २००३ मध्ये फीनी इस्रायलला गेले. जेरुसलेममधील, ज्यूंच्या नरसंहाराच्या याद वाशेम स्मारकात यहुदी टोपी घालून उभे राहिलेल्या या आल्मिरांतेंच्या शिष्याने मुसोलिनीच्या काळातील १९३८ च्या ज्यूविरोधी वंशभेदी कायद्यांचा उघड धिक्कार केला आणि त्या निखळ पापात फॅसिझमही सामील होता, असे पत्रकारांना सांगितले. मुसोलिनीची नात आलेस्सांद्रा हिने त्यावर पक्षच सोडला. स्थलांतरितांवर कडक निर्बंध घालणाऱ्या २००२ च्या कायद्याला 'लेगा नोर्द' पक्षाचे नेते उम्बेर्तो बोस्सींच्या जोडीने ज्यांचे नाव लागले, त्यांनीच पुढच्या वर्षी कायदेशीर स्थलांतरितांना स्थानिक निवडणुकांत मताधिकार द्यावा असे सुचवले. हा माणूस संधिसाधू असता, तर स्वतःच्याच मतदारांना दुखावणारी इतकी पावले त्याने कशाला उचलली असती?

शेवट करुण आहे. २००९ मध्ये पक्ष बर्लुस्कोनींच्या पक्षात विलीन केला आणि वर्षभरातच दोघांचे बिनसले. एप्रिल २०१० च्या बैठकीत व्यासपीठावरच्या बर्लुस्कोनींकडे खालून बोट रोखून, "काय करताय, मला हाकलताय?" असे फीनी कनिष्ठ सभागृहाचे सभापती असताना विचारत आहेत, ते दृश्य इटलीत अजून विसरलेले नाही. फीनी वेगळा गट करून विरोधात गेले, पण डिसेंबरातील अविश्वास ठरावावर त्यांच्याच गटातले काही जण ऐनवेळी फिरले आणि सरकार ३१४ विरुद्ध ३११ असे तरले. मेलोनी तेव्हा त्याच सरकारात मंत्री होत्या आणि त्या फीनींमागे गेल्या नाहीत. २०१३ मध्ये फीनींच्या नव्या पक्षाला अर्धा टक्काही मते पडली नाहीत. पक्षाला वारसाहक्काने मिळालेल्या मोंते कार्लोतील सदनिकेच्या विक्रीवरून चाललेल्या खटल्यात रोमच्या न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांना मनी लाँडरिंगसाठी दोन वर्षे आठ महिन्यांची शिक्षा सुनावली.

आपल्या लेखासोबत मेलोनींच्या पक्षाचे बोधचिन्ह छापले आहे. त्यातली तिरंगी ज्योत १९४६ च्या पक्षाची असून फीनींच्या 'आलेआन्झा'च्या चिन्हातही ती होती. चित्राखालच्या ओळीत तिला 'नव्या पक्षाची निशाणी' म्हटले आहे, तेवढी दुरुस्ती पुढील पुरवणीत अवश्य छापावी.

आपला नियमित वाचक,
सांगली