दगडी घरं आणि गुप्तधनाची भाकडकथा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या दगडी घरांवरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाकडे आपलं लक्ष गेलं, याबद्दल आभार. पण 'ही घरं पांडवांनी एका रात्रीत उभारली' आणि 'सोप्याखालून भुयार निघतं, त्यात गुप्तधन आहे' हे खरंच असल्यासारखं छापून टाकलंत, याचा संताप आला आहे.

एका रात्रीची गोष्ट माझी आजीही सांगायची. तिच्या गोष्टीत पांडव नव्हते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात बैल दमतात, म्हणून खाणीवरून चिऱ्यांच्या गाड्या रात्रीच्या हाकायचे. पोरं सकाळी उठून बघतात तर दारात चिऱ्यांचा ढीग! मग त्यांना सांगायचं, दगड रात्री चालत आले. लेखकाने गावातल्या एखाद्या म्हातारीपाशी घटकाभर बसून विचारायला हवं होतं.

आमच्या घरांचा दगड म्हणजे जांभा; तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. उघड्यावर वारं-ऊन खाल्लं की कठीण होतो. म्हणून पाऊस संपला की खाण सुरू करायची आणि मृगाच्या आधी भिंती उभ्या करून वर छप्पर घालायचं. हे कसब वडारांचं आणि गवंड्यांचं. त्यांच्याविषयी लेखात एक ओळ नाही. उलट घरांना 'कदंबकालीन' म्हटलं आहे. आमच्याच तालुक्यातल्या हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ कदंब राजांच्या काळातलं, हे खरं. पण देवळाचं वय दुसऱ्या गावातल्या घरांना कसं लावता येईल? आमच्या छपरांवर मंगळुरी कौलं आहेत आणि त्यांचा पहिला कारखाना मंगळुरात 1865 साली निघाला. छपरं मागून बदलली असतील, मान्य. मग भिंती किती जुन्या, याचा पुरावा तरी द्या.

भुयाराची अशीच गोष्ट मागे एकदा छापून आली होती. तेव्हा माझ्या चुलत्यांचं घर बंद होतं, ते मुलाकडे पुण्याला राहत होते. कोणीतरी रात्री परड्यातून शिरून न्हाणीजवळचं जोतं उकरलं. नारळ, लिंबं, कुंकू तिथेच पडलेलं. कोपऱ्यातले चिरे उपसले होते. पुढच्या पावसात पाणी जोत्यात मुरलं आणि माजघराची भिंत बसली. तक्रार द्यायला गेलो तर हवालदाराचा पहिला प्रश्न, "काही सापडलं काय?" भरपाईचा अर्जही परत आला, घर पावसाने पडलेलं नाही, खणल्यामुळे पडलं, असं कारण. चुलत्यांनी ते घर पुन्हा उभं केलं नाही. चिरे विकले, सागवानी खांब दलालाने नेले. आता आपल्या लेखात गावाचं नाव आहे, रस्त्याची खूण आहे, आणि गावातली निम्मी घरं कुलपात आहेत. परत कोणी कुदळ घेऊन आलं तर जबाबदार कोण?

दंतकथा जरूर छापा, पण दंतकथा म्हणूनच छापा. येत्या रविवारी त्याच जागी खुलासा यावा, ही विनंती.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो आमच्या गावचा नाही. त्यातला वाडा काळ्या दगडाचा आहे; आमच्याकडे सगळी घरं तांबड्या जांभ्याची. तोही खुलाशात दुरुस्त करावा.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव