दाजी, तुम्ही बॅटरी धरा!

निपाणीचे मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

बंगळुरूहून येणारी केए (कर्नाटक) पासिंगची पांढरी ट्रॅव्हलर आठवते ना? आत पलंग, सिंक, गॅसची शेगडी. आणि तवंदी घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून धूर. तिची मालकीण लिहितेय. तुम्ही नाव कुठे छापायचं नाही म्हणालात, म्हणून छापत नाही. पण पत्र उघडच लिहिणार, कारण बाकीच्या काही मंडळींनीही ते वाचावं अशी फार इच्छा आहे.

त्यातले पहिले, गाडी विकणारे सद्गृहस्थ. पैसे माझ्या खात्यातून गेले, लायसन्स माझं, ट्रायल मी घेतली, आणि इंजिनाबद्दल ते बोलत होते माझ्या नवऱ्याशी. मला पडद्यांचे रंग दाखवले. दुसरे, वाटेतल्या एका चकचकीत वर्कशॉपवाले. ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढते, हे मी सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे बघून विचारलं, ‘सर, मॅडमना मोठ्या गाडीची सवय नाही का?’ चाक खोललंसुद्धा नाही. कागदावर सगळीकडे हिरव्या खुणा करून दिल्या आणि बिल मात्र चोख लावलं.

आणि मग तुम्ही. चाकाजवळ नुसता हात नेलात, ‘भट्टी झालीया’ म्हणालात आणि मला विचारलंत, ‘ताई, पेडल कवापासनं मऊ लागतंय?’ मला! त्या एका प्रश्नावरच मी निम्मी निश्चिंत झाले होते.

ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबतो तो कॅलिपर, त्याची पिन गंजून आखडलेली, त्यामुळे पॅड डिस्कला घासतच राहिलेले, त्या उष्णतेनं ब्रेक ऑइल उकळलेलं. ते ऑइल बाटलीत काढून दाखवलंत तेव्हा चहाच्या चोथ्यासारखं काळं होतं. बरेच महिने उभी असलेली गाडी, हवेतला ओलावा ऑइलनं ओढून घेतलेला. तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. पाच मिनिटांत समजलं मला. यात पुरुषालाच कळेल असं काय होतं, ते वर्कशॉपवाल्यांनी कधी भेटले तर सांगावं.

पण पत्र लिहायला बसले ते याच्या पुढच्या गोष्टीसाठी. नवीन ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायची वेळ आली. पेडल मारायला तुमचा पोरगा सवयीनं सीटकडे निघाला, तर तुम्ही त्याला थांबवलंत. ‘ताईंना बसू दे. चालवणार त्या, पाय त्यांचा. पेडल कुठं लागतंय ते त्यांच्या पायाला कळाय पायजे.’ आणि उजेडासाठी आमच्या ह्यांना म्हणालात, ‘दाजी, तुम्ही बॅटरी धरा.’

मग खालून तुमचा आवाज: दाबा, दाबा, धरा… सोडा. परत. प्रत्येक खेपेला पेडल जरा वर लागत होतं, जरा घट्ट होत होतं. घाटात जो पाय लटपटत होता, त्याच पायाखाली गाडी पुन्हा ताब्यात येत होती. तुम्हाला हे नुसतं कामच असेल. मला विचाराल तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकवलं नाही ते त्या अर्ध्या तासात शिकले. दाजींनीही बॅटरी उत्तम धरली, तक्रार नाही.

निघताना पाण्याची टाकी रिकामी करायला लावलीत. ‘शंभर लिटर म्हंजे शंभर किलो. उगं कशाला ओढताय?’ ते पाणीही वाया घालवलं नाहीत, दारातल्या नारळाला सोडलंत. खंबाटकीचा बोगदा संपला की उतार आणि वळणं आहेत, तिथं ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, आधीच गिअर खाली घ्यायचा, हेही दोनदा बजावलंत. तसंच केलं. मागचा एक कारवाला हॉर्न मारून मारून दमला, मारू दे.

आणखी एक. घाटात आमच्या मागे एका ट्रकवाल्यानं फांद्या आणि दगड लावून दिले होते. तुम्ही गाडी हलवायला आलात तेव्हा तुमच्या पोरानं ते सगळे दगड उचलून कडेला टाकले, मगच मोटारसायकलवर बसला. आपल्याकडे दगड लावणारे भेटतात, उचलणारे फार थोडे. रात्री त्याच दगडांवर कुणीतरी आपटतं. त्या पोराला हे कुणी शिकवलं असेल ते वेगळं विचारायला नको.

तुम्ही फक्त सामानाचे पैसे घेतलेत. मजुरीचं विचारलं तर ‘पुढच्या टायमाला’ म्हणालात. तर पावसाळा संपला की आंबोलीला जायचं ठरतंय, निपाणीवरूनच आजऱ्याकडे वळणार आहोत. मागच्या उजव्या चाकातून खडखड येतेय, तेही बघायचंय. मजुरी दोन्हीची घ्यायची, आणि पेडलवर मीच बसणार.

तुमची,
ट्रॅव्हलरवाली ताई, पुणे